खोडायचं ते पेन्सिलीनं, राहायचं ते पेनानं

परीक्षा जवळ आल्या की आमच्या टपालात लेखनसाहित्याविषयीची पत्रं वाढतात. या वेळी ती इतकी आली की हे सदर त्यांनाच दिलं आहे. बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न आहे: पेन्सिल की पेन? आमचं उत्तर सरळ आहे. कागदावरची जी खूण तुमच्या हातून गेल्यावरही जशीच्या तशी राहायला हवी, ती पेनानं करायची. जी खूण जागची हलवावी लागू शकते, ती पेन्सिलीनं. म्हणजे एकाच उत्तरपत्रिकेत दोन्ही लागतात आणि कुठे काय, हे आधी ठरवलेलं असावं लागतं. प्रश्नपत्रिकेच्या किंवा उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर वेगळी सूचना छापलेली असेल, तर आमचं सगळं बाजूला ठेवून ती पाळा.

प्रश्न : पेन्सिलीनं लिहिलं तर चुकलेलं स्वच्छ खोडता येतं आणि पान नीटनेटकं दिसतं. तरी मोठ्या वर्गात पेनाचाच आग्रह का धरतात? — सहावीतला विद्यार्थी

तुझा मुद्दा खरा आहे, पेन्सिलीचं पान स्वच्छ दिसतं. पण ते तू पेपर देतोस तेव्हा. तपासणाऱ्याच्या हाती जातं तेव्हा ते तसंच राहिलेलं असेल, याची खात्री नसते.

पेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं. लिहिताना त्याचे बारीक कण कागदाच्या वरच्या तंतूंमध्ये अडकून बसतात, आत मुरत नाहीत. खोडरबर ते उचलू शकतं ते त्यामुळेच. पण मग समोरचं पान, तळहात, गठ्ठ्यातली वरची उत्तरपत्रिका हेही ते थोडंथोडं उचलतात. शाई तंतूंमध्ये शिरते आणि वाळल्यावर तिथेच राहते. उत्तरपत्रिका कितीतरी हातांतून जाते, गठ्ठ्यांत बांधली जाते, घासली जाते. हे सगळं झाल्यावर तिच्यावरचा एकही शब्द बदललेला नाही, असं सर्वांना म्हणता आलं पाहिजे. पेन्सिलीच्या उत्तराबद्दल तसं म्हणता येत नाही. म्हणूनच बऱ्याच परीक्षांमध्ये पेन्सिलीनं लिहिलेल्या उत्तराच्या फेरतपासणीचा अर्ज घेत नाहीत.

शिवाय ग्राफाइट चकाकतं. दिव्याखाली पान तिरकं धरलं की अक्षर राखाडी, चमकदार दिसतं आणि वाचणाऱ्याचे डोळे लवकर थकतात. जिथे उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासतात तिथे तर फिकट राखाडी रेघ पार्श्वभूमीतच विरून जाते.

हे स्वतः पाहायचं असेल तर एकाच कागदावर एचबी पेन्सिलीनं एक ओळ आणि पेनानं एक ओळ लिही. पाच मिनिटं थांब. मग दोन्हींवरून अंगठा दहा वेळा दाबून फिरव आणि फोनच्या कागद टिपायच्या सोयीनं काळ्यापांढऱ्या रंगात फोटो काढ. फरक लगेच दिसेल.

आणि खोडण्याचा वेळ तू मोजलायस का? खोडरबर शोधायचं, घासायचं, कीस झटकायचा, पेन्सिल पुन्हा उचलायची, लिहायचं. यात दहापंधरा सेकंद सहज जातात. पेनानं एक आडवी रेघ मारून पुढे जायला दोन सेकंद लागतात.

प्रश्न : मुलगी तिसरीत आहे. पेन्सिलीवरून पेनावर तिला कधी आणि कसं आणावं? वर्गातल्या काही मुलांनी पेन सुरू केलंय म्हणून ती हट्ट करते. — एक पालक

वय पाहू नका, हात पाहा. अक्षरं ओळीवर बसतात का? एका शब्दातली अक्षरं साधारण एका मापाची येतात का? एका पानात किती वेळा खोडावं लागतं? पानाला दोनतीन वेळाच खोडत असेल तर हात तयार आहे. दर ओळीला खोडत असेल तर अजून थांबा, कारण पेनानं केलेली चूक तिला समोर दिसत राहील आणि ती लिहायलाच बिचकेल.

चौथी गोष्ट म्हणजे दाब, आणि बहुतेक पालकांचं लक्ष तिकडेच जात नाही. पाच कोरे कागद एकावर एक ठेवा आणि वरच्या कागदावर तिला नेहमीसारख्या चार ओळी लिहू द्या. मग खालचे कागद एकेक करून उजेडात तिरके धरा. ठसा दुसऱ्या कागदापर्यंत दिसला तर दाब ठीक आहे. चौथ्यापाचव्यापर्यंत पोचला असेल तर ती फार जोरानं लिहिते. असा हात थेट बॉलपेनवर नेला तर दाब आणखी वाढतो, बोटं दुखतात आणि अक्षर बिघडतं. अशा वेळी आधी एचबीऐवजी बी किंवा २बी पेन्सिल द्या. मऊ पेन्सिल कमी दाबात गडद उठते आणि जोर दिला की टोक मोडतं, त्यामुळे दोनतीन आठवड्यांत हात आपोआप हलका होतो.

पेन्सिल कागदाला किंचित खरखरत घासते. त्या घर्षणामुळे लहान हाताला आधार मिळतो. बॉलपेनची गोळी मात्र घरंगळते, म्हणून सुरुवातीला अक्षर मोठं, पसरट आणि ओळीबाहेर जाणारं येतं. ते पाहून घाबरू नका. पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटं फक्त उतारा बघून लिहायला द्या. त्यात विचार करावा लागत नाही, सगळं लक्ष हातावर राहतं. पुढचे दोन आठवडे एका विषयाची वही पेनानं लिहू द्या. मग बाकीच्या भाषा आणि इतर विषय. गणित सर्वांत शेवटी, कारण तिथे खाडाखोड जास्त होते. एकूण सहा ते आठ आठवडे धरा.

पेन जाडसर दांड्याचं, पकडीला रबर असलेलं, टोक ०.७ मिलिमीटरचं घ्या. पकड टोकापासून दोन ते अडीच सेंटिमीटर वर, अंगठा आणि तर्जनीत धरून मधल्या बोटावर टेकलेली. पेन्सिल बरीच आडवी धरली तरी लिहिते. बॉलपेन मात्र थोडं उभं धरावं लागतं. फार आडवं झालं की गोळीऐवजी धातूची कड कागदाला घासते आणि अक्षर तुटतं.

एक मात्र नक्की पाळा. परीक्षा तीन आठवड्यांवर आली असेल तर काहीही बदलू नका. ज्यानं वर्षभर लिहिलं त्यानंच ती परीक्षा द्या आणि हट्टाला सुट्टीतली तारीख द्या.

प्रश्न : तीन तासांचा पेपर आहे. बॉलपेन, जेलपेन की शाईचं पेन? पेपर चालू असताना पेन अडकतं, ते का? — दहावीची विद्यार्थिनी

तिन्हींनी पेपर देता येतो, पण तिघांचे त्रास वेगवेगळे आहेत आणि ते तुला आधीच माहीत हवेत.

बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट असते. ती लगेच वाळते आणि पातळ कागदावरही मागे फुटत नाही. पण गोळी फिरवायला दाब द्यावा लागतो. अर्ध्या तासात तो जाणवत नाही, अडीच तासांनी अंगठ्याच्या मुळाशी जाणवतो. दुसरा त्रास टोकाशी साचणाऱ्या शाईच्या गाठीचा. काही ओळींनी ती गाठ कागदावर उतरते आणि त्यावरून हात गेला की फराटा उठतो. जवळ जुना सुती कपडा ठेवावा आणि पान उलटताना टोक एकदा पुसावं.

जेलपेनच्या शाईत पाणी असतं. ती हलक्या हातानं वाहते आणि गडद उठते, म्हणून लांब पेपराला बहुतेकांना हेच मानवतं. आमचाही कल इकडेच आहे. त्याबदल्यात शाई वाळायला काही सेकंद लागतात, रिफिल झपाट्यानं संपतं आणि पेन टोकावर पडलं की गोळीची बैठक बिघडते. एकदा टोकावर पडलेलं जेलपेन पेपराला नेऊ नकोस, मग ते नंतर कितीही नीट चालू दे.

शाईच्या पेनाला दाब जवळजवळ लागतच नाही, म्हणून ज्यांचा हात दुखतो त्यांना ते उपयोगी पडतं. पण उत्तरपत्रिकेचा कागद पातळ असेल तर शाई तंतूंमधून पसरते आणि जोडाक्षरांची पोकळी भरून जाते. टाकीतली शाई अर्ध्यावर आली की वरच्या मोकळ्या जागेत हवा असते. हाताच्या उबेनं ती फुगते आणि शाई खाली ढकलते. पेपरात अचानक पडणारा डाग बहुधा त्यामुळेच असतो. म्हणून जाताना टाकी काठोकाठ भरावी.

टोकाची जाडी अक्षरावर ठरव. देवनागरीत 'क्ष', 'द्ध', 'ष्ट्य' अशा अक्षरांत रेघा दाटीनं येतात. अक्षर बारीक असेल तर ०.५ मिलिमीटर घे, टपोरं असेल तर ०.७. कागद मिळाला तर आधी त्याच कागदावर पाच ओळी लिहून मागून पाहा. मागच्या बाजूनं शब्द वाचता येत असेल तर ते पेन पाठपोट लिहायला चालणार नाही.

आता अडकण्याविषयी. सर्वांत नेहमीचं कारण पेनात नसतं, हातात असतं. तळहाताचा घाम आणि तेल पानाच्या खालच्या भागावर बसतं आणि गोळी त्या जागेवरून नुसती घसरते. शेवटच्या चारपाच ओळींतच पेन रुसत असेल तर कारण हेच समज आणि हाताखाली कोरा कागद किंवा टिपकागद ठेव. परवानगी असलेला आणि एकही अक्षर न लिहिलेला.

दुसरं कारण टोकाशी वाळलेली शाई. कच्च्या कामाच्या जागी मटाराच्या दाण्याएवढी पाचसहा वर्तुळं काढली की ती सुटते. उत्तराच्या मध्येच जोर देऊन गिरमिटं ओढू नकोस. कागद फाटतो आणि फाटलेले तंतू गोळीत अडकतात.

तिसरं कारण म्हणजे रिफिलमध्ये शिरलेला हवेचा बुडबुडा. पारदर्शक रिफिलमध्ये शाईच्या रांगेत मोकळी जागा दिसते. झटकून ती जात नाही, उलट वाढते. ते पेन सरळ बाजूला ठेवून दुसरं उचल. भिंतीला किंवा उताणं पडून वर कागद धरून लिहिण्याची सवय असेल तर हा बुडबुडा हमखास होतो, कारण शाई गोळीपर्यंत वजनानं उतरते.

शाई पुरेल का, हे अंदाजावर सोडू नकोस. रिफिलवर शाईच्या वरच्या कडेशी बारीक खूण कर. दहा पानं लिही. पातळी किती मिलिमीटर उतरली ते पट्टीनं मोज. समज ८ मिलिमीटर उतरली आणि पेपरात साधारण ३० पानं लिहितेस, तर २४ मिलिमीटर लागणार. रिफिलमध्ये त्याच्या दुप्पट शाई असू दे.

एकाच प्रकारची दोन पेनं ने आणि दोन्ही आधी चारपाच पानं चालवलेली असू देत. कोऱ्या करकरीत पेनाच्या टोकावर कधीकधी मेणाचा थेंब असतो, तो निघेपर्यंत ते लिहीत नाही. रंग निळा किंवा काळा यांपैकी सूचनेत असेल तो, आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच. लाल आणि हिरवा तपासणाऱ्यांसाठी असतात.

प्रश्न : आकृत्या, आलेख आणि भूमितीच्या रचनांना नेमकी कोणती पेन्सिल? बहीण २एच वापर म्हणते, चित्रकलेचे सर २बी म्हणतात. — नववीची विद्यार्थिनी

दोघंही आपापल्या कामापुरते बरोबर आहेत. १७९५ मध्ये फ्रान्समध्ये निकोला-झाक काँते यानं ग्राफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून, भाजून पेन्सिलीतली कांडी, जिला आपण सवयीनं शिसंच म्हणतो, तयार करण्याची रीत शोधली. माती जास्त तर शिसं कडक आणि रेघ फिकट. ग्राफाइट जास्त तर शिसं मऊ आणि रेघ गडद. कडकपणाची खूण एच, काळेपणाची बी, आणि आकडा जितका मोठा तितका तो गुण जास्त. एचबी मधलं.

२एच चं टोक खूप वेळ टिकतं, रेघ सुईसारखी येते. पण ती फिकट असते आणि दिसावी म्हणून दाबलं की कागदावर चर पडते. खोडल्यावर ग्राफाइट जातं, चर राहते आणि नवी रेघ तिच्यात घसरते. २बी ची रेघ छान काळी, पण चार रेघांत टोक बोथट होतं आणि पट्टीच्या कडेनं काजळी पसरते. परीक्षेसाठी एचबी घे. हात फार हलका असेल तर बी.

आकृतीसाठी लाकडी पेन्सिल, शिसं सहासात मिलिमीटर बाहेर आलेलं. अशा दोन टोक काढून ने म्हणजे पेपरात टोक काढत बसावं लागणार नाही. आलेख आणि पट्टीच्या रेघांना ०.५ मिलिमीटरची पेन-पेन्सिल बरी, तिची जाडी बदलत नाही. शिसं दोन मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर काढलं की ते तुटतं.

आलेखात बिंदू म्हणजे टपोरा ठिपका नव्हे. बारीक फुली मार, म्हणजे दोन रेघांच्या छेदावर नेमकी जागा दिसते. १ मिलिमीटरच्या लहान चौकोनात १ मिलिमीटरचा ठिपका दिला तर बिंदू कुठे आहे ते तपासणाऱ्याला कळणारच कसं? वक्र एकाच ओघात काढ, केसाळ तुकड्यांनी जोडत जाऊ नकोस. आधी पेन्सिल कागदाला न टेकवता हवेत दोनदा फिरव आणि मग टेकव. वक्राच्या आतल्या बाजूला हात येईल असा कागद फिरवलास तर मनगट आपसूक वळतं.

कंपासमधली पेन्सिल हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. तिथे शंकूसारखं टोक लवकर झिजतं आणि वर्तुळाची सुरुवात बारीक, शेवट जाड येतो. पॉलिश पेपरच्या तुकड्यावर शिशाची बाहेरची बाजू तिरकी घासून तिला छिन्नीसारखी धार काढ. सुई शिशापेक्षा किंचित लांब असू दे, साधारण १ मिलिमीटर, कारण तेवढी ती कागदात रुतते. खालच्या पॅडवर चारपाच कागद ठेव. कडक पाट्यावर सुई घसरते आणि त्रिज्या बदलते. बिजागरीचा स्क्रू सैल असेल तर घरीच घट्ट करून घे. रचनेचे कंस खोडू नकोस. ते हलके पण दिसतील असे राहू देत, गुण त्यांनाही असतात.

आकृतीतल्या भागांची नावं पेन्सिलीनं की पेनानं, यावर प्रत्येक परीक्षेचे संकेत निराळे आहेत. तुमच्या शिक्षकांना विचारून एकच पद्धत धर. निर्देश करणाऱ्या रेघा मात्र पट्टीनं आणि पेन्सिलीनंच, एकमेकींना न छेदणाऱ्या, आणि बाण भागाला टेकलेला. आकृतीचा क्रमांक आणि शीर्षक पेनानं. उत्तरपत्रिका स्कॅन होणार असेल तर अंतिम बाह्यरेषा दुसऱ्यांदा थोडी गडद कर. छटा देऊन काळं करायची गरज नाही.

टोक काढताना शिसं सारखं तुटत असेल तर शार्पनरला दोष देण्याआधी पेन्सिल पडली होती का ते आठव. पडल्यावर शिसं आतल्या आत तीनचार ठिकाणी तडकतं आणि मग प्रत्येक वेळी तेवढा तुकडा निसटतो. ती पेन्सिल कच्च्या कामाला. पेन्सिल सारखी पडत नसेल तर शार्पनरचं पातं बोथट झालंय.

प्रश्न : आधी सगळं उत्तर पेन्सिलीनं लिहून मग पेनानं गिरवलं तर? — सातवीतला विद्यार्थी

नको. लिहायला लागणारा वेळ जवळजवळ दुप्पट होतो. ग्राफाइटचा थर गुळगुळीत असतो, त्यावर जेलपेनची गोळी घसरते आणि अक्षर मध्येमध्ये तुटतं. नंतर खोडरबर फिरवलं की पेन्सिलीबरोबर वरची शाईही फिकी होते. उत्तराचे चार मुद्दे कच्च्या कामाच्या जागी पेन्सिलीनं मांडायला हरकत नाही. त्यापुढे थेट पेन.

प्रश्न : गोल भरायच्या उत्तरपत्रिकेला कुठे पेन्सिल सांगतात, कुठे बॉलपेन. असं का? — स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलाचे वडील

यंत्र कसं वाचतं त्यावर ते ठरतं. १९३८ मध्ये आयबीएम या अमेरिकन कंपनीनं आणलेलं ८०५ हे तपासणी यंत्र पेन्सिलीच्या खुणेतून वीज वाहते का ते पाहायचं. ग्राफाइटमधून वीज जाते, शाईतून नाही, म्हणून पेन्सिल सक्तीची होती. नंतरची अनेक यंत्रं अवरक्त किरणांनी वाचू लागली. ग्राफाइट म्हणजे कार्बनच, तो ते किरण शोषून घेतो, पण काही रंगीत शाया त्यांना पारदर्शक असतात. आपल्याला निळा गोल दिसतो, यंत्राला कोरा. आज बऱ्याच ठिकाणी पानाची सरळ प्रतिमा घेतात, तिला निळी किंवा काळी शाई चालते आणि उत्तर नंतर बदलता येऊ नये म्हणून पेनच मागतात. तेव्हा सूचनेतलं साधन बदलू नका, रंगसुद्धा नाही.

पेन्सिल सांगितली असेल तर टोक मुद्दाम थोडं बोथट ठेवावं. टोकदार पेन्सिलीनं गोल भरायला दहाबारा फेऱ्या लागतात, बोथट टोकाला तीनचार. खोडायचं तर पूर्ण खोडावं. राखाडी सावली उरली तर यंत्र तिला दुसरं उत्तर समजू शकतं. पेन सांगितलं असेल तर बॉलपेन. जेलपेननं भरलेला गोल ओला राहतो आणि हात लागून शेजारच्या गोलात पसरतो. आधी कडेनं आतून एक फेरी, मग मधला भाग. पान दुमडू नये आणि कडेच्या काळ्या चौकोनी खुणांवर काहीही उमटू देऊ नये. यंत्र ओळी त्यांच्यावरून मोजतं.

प्रश्न : खोडता येणारं जेलपेन मिळतं. दोन्हींचे फायदे त्यात आहेत ना? — आठवीतली विद्यार्थिनी

वहीसाठी छान, परीक्षेसाठी अजिबात नको. पायलट कंपनीच्या फ्रिक्शन पेनांमुळे जगभर पसरलेली ही शाई खोडली जात नाही, ती उष्णतेनं रंगहीन होते. शाईत अतिसूक्ष्म कुप्या असतात. मागच्या रबरी टोकानं घासल्यावर घर्षणानं तापमान सुमारे ६० अंश सेल्सियसपर्यंत जातं आणि कुपीतलं रसायन रंग सोडून देतं. उन्हात उभ्या बंद गाडीत काचेजवळ ठेवलेला गठ्ठा त्या तापमानाजवळ पोचू शकतो, लॅमिनेशनचं यंत्र तर सहजच. मग पानंच्या पानं कोरी दिसतात. तापमान उणे १० ते उणे २० अंशांपर्यंत नेलं की रंग परत येतो, पण त्याबरोबर तू खोडलेलंही परत येतं. दोन उत्तरं एकावर एक. म्हणून अनेक परीक्षांत या पेनावर स्पष्ट बंदी आहे. कंपासपेटीत नेहमीच्या पेनाशेजारी ते ठेवूच नकोस. दिसायला सारखं असतं आणि घाईत हाताला तेच लागतं.

प्रश्न : मुलगा डावखुरा आहे. पेनानं लिहिलं की हात निळा आणि पान बरबटलेलं. पेन्सिलीचीच परवानगी मागावी का? — एक आई

पेन्सिलीनं हात निळ्याऐवजी राखाडी होईल एवढंच. डावखुऱ्या मुलाचा हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून पुढे सरकतो. देवनागरीत तर शब्द पूर्ण झाल्यावर शिरोरेषेसाठी हात पुन्हा मागे जाऊन त्याच ओल्या शब्दांवरून फिरतो, त्यामुळे त्रास दुप्पट. आधी कागद फिरवून पाहा. वरचा उजवा कोपरा खाली येईल असा कागद उजवीकडे सुमारे ३० अंश तिरका करा आणि मनगट ओळीच्या खाली ठेवायला सांगा. हात ओळीखालून चालला की अर्धी बरबट तिथेच थांबते. मग पेन बदला. बॉलपेन ०.७ मिलिमीटर, किंवा लवकर वाळणारं ०.५ चं जेलपेन. विकत घेण्याआधी एक शब्द लिहून तीन सेकंदांनी त्यावर बोट फिरवा. पसरलं नाही तर चालेल. शिरोरेषा दर शब्दाला न देता तीनचार शब्द झाल्यावर एकदम दिली तर तोवर शाई वाळते, पण ही सवय महिनाभर आधी लावायला हवी. ऐन परीक्षेत शब्दच शिरोरेषेवाचून राहतात.

प्रश्न : चुकलेलं व्हाइटनरनं झाकावं की खोडावं? — अनेक विद्यार्थी

एक आडवी रेघ, पट्टीनं किंवा सरळ हातानं, आणि पुढे बरोबर उत्तर. व्हाइटनर बऱ्याच परीक्षांत चालतच नाही. चालत असलं तरी तो वाळेपर्यंत थांबावं लागतं, ओल्यावर लिहिलं की पेनाच्या टोकात पांढरा लगदा बसतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे वाळेपर्यंत पुढचा प्रश्न घेतला की ती पांढरी जागा तशीच रिकामी राहते. पूर्ण उत्तर रद्द करायचं असेल तर वरून खाली एक तिरकी रेघ पुरे. चौकडी भरत बसू नका आणि नवं उत्तर पूर्ण होईपर्यंत जुनं खोडू नका. वेळ संपला तर निदान जुनं तरी तपासलं जाईल.